आजोबांची फुलदाणी आणि बुडातलं भोक

मागच्या अंकात जपानी चिनीमातीच्या जुन्या भांड्यांवर दोन पानं लिहिली होती, आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की या फुलदाण्यांचे टेबललॅम्प फार देखणे होतात. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि बहुतेकांना ड्रिल मशीन हातात घ्यायची घाई झालेली दिसली, म्हणून जरा काळजीच वाटली. तेव्हा या वेळचं सदर पूर्ण याच विषयावर.

प्रश्न (ठाणे): माझ्या सासऱ्यांचे वडील मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होते, कामासाठी दोनदा जपानला कोबेला जाऊन आले होते. तिथून आणलेल्या दोन फुलदाण्या आमच्याकडे आहेत, साधारण दीड फूट उंच, निळा, विटकरी लाल आणि सोनेरी असं नक्षीकाम. एकीचं झाकण आहे, दुसरीचं कुठे गेलं कुणास ठाऊक. मुलाचं लग्न झालंय, सूनबाईंना पलंगाच्या दोन्ही बाजूंना या दोघींचे लॅम्प हवेत. वायरमन म्हणतो बुडाला 10 मिमीचं भोक पाडू, अर्ध्या तासाचं काम. पाडू द्यावं का?

उत्तर: नाही ताई, पाडू देऊ नका. लॅम्प मात्र नक्की करा, तो भोक न पाडताही होतो, कसा ते खाली सांगते.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघू. निळा, लाल, सोनेरी ही रंगसंगती म्हणजे इमारी. इमारी हे खरं तर बंदराचं नाव, भांडी तिथे बनत नव्हती. ती बनायची क्यूशू बेटावरच्या अरिता गावात, म्हणजे आजच्या सागा प्रांतात, आणि इमारी बंदरातून बाहेर जायची म्हणून तेच नाव चिकटलं. (आपल्याकडे नाही का, पिकतं एकीकडे आणि नाव लागतं बाजारपेठेचं.) अरितात हे काम सुरू झालं 1616 च्या सुमारास असं मानतात. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1592 ते 1598 मध्ये कोरियावर स्वाऱ्या केल्या, तिथले कुंभार जपानात आणले गेले, त्यातल्या यी साम-प्योंग नावाच्या कारागिराला अरिताजवळ इझुमियामा इथे हवा तसा दगड सापडला. हो, दगडच. तो कुटून, चाळून, मळून ही भांडी होतात. त्या कुंभाराला तिथे अजून पूजतात, आणि गावातल्या तोझान देवळाची कमान चक्क पोर्सेलीनची, म्हणजे चिनीमातीची आहे, 1888 साली उभारलेली, निळ्या नक्षीची. मी फोटोतच पाहिली आहे पण एकदा त्या कमानीखाली उभं राहायची फार इच्छा आहे.

पुढे चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, 1644 ला, तिथला माल मिळेना, तेव्हा नागासाकीच्या देजिमा बेटावर बसलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने अरिताकडे मोर्चा वळवला, आणि 1659 पासून मोठमोठ्या ऑर्डरी सुरू झाल्या. बटावियामार्गे, म्हणजे आजच्या जकार्तामार्गे, हा माल युरोपात पोचायचा. तुमच्या फुलदाण्या एवढ्या जुन्या नसाव्यात. आजोबांनी नोकरीच्या काळात कोबेला घेतल्या म्हणजे मेइजी काळाच्या, 1868 ते 1912 मधल्या, किंवा त्याच्या थोड्या नंतरच्या असतील. मुंबई ते कोबे थेट जहाज सुरू झालं 1893 ला, टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीबरोबर मिळून ते चालू केलं, कापूस तिकडे जायचा, आणि मुंबईच्या कितीतरी घरांत अशा जोड्या त्या मार्गाने आल्या. म्हणजे तुमच्या घरातली ही गोष्ट मुंबईच्या इतिहासाचा एक तुकडा आहे, हे सूनबाईंना जरूर सांगा.

आता भोक का नको. एक तर बूड हीच त्या भांड्याची जन्मपत्रिका असते. फुलदाणी उलटी करून बघा, खालच्या कडेला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसलेलं मातीचं कडं दिसेल, त्याचा रंग, त्याची घासणी, मध्ये निळ्या शाईने काढलेली अक्षरं, यावरूनच जाणकार काळ आणि भट्टी ओळखतात. आणि ड्रिल कुठे बसतं? बरोब्बर मध्यावर, त्या अक्षरांच्या डोक्यात. दुसरं म्हणजे हे भांडं 1300 अंशाच्या आसपास भाजलेलं असतं, काचेसारखं घट्ट, आणि भाजताना-निवताना आत ताण राहून गेलेला असतो जो बाहेरून दिसत नाही. साधं भिंतीचं बिट लावलं तर ते नुसतं तापतं, हिऱ्याचं बिट पाण्यात भिजवत चालवलं तरी कधी टवका उडेल, कधी तडा जाईल काही सांगता येत नाही. आणि तिसरं, भोक पडलं की ती फुलदाणी कायमची लॅम्पचा भाग झाली, विकायला गेलात तर किंमत धाडकन उतरते, जोडी असली तरी.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या आत्याकडे अशीच एक होती, पांढऱ्यावर निळे बगळे. मी नववीत होते. घरी आलेल्या कारागिराने अंगणात बसून भोक पाडायला घेतलं, आवाज ऐकून मी बाहेर आले तोवर बुडापासून वर बगळ्याच्या मानेपर्यंत केसासारखी रेघ गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी उचलायला गेलो तर दोन तुकडे. ते तुकडे बिस्किटाच्या डब्यात घालून आत्याने ठेवले होते, आता माझ्याकडे आहेत. आत्या त्या कारागिराला एक शब्द बोलली नाही, पण त्यानंतर त्या कोनाड्यात तिने दुसरं काही ठेवलं नाही.

तर आता भोक न पाडता लॅम्प. फुलदाणीच्या तोंडाचा आतला आणि बाहेरचा व्यास मोजा, दोन ठिकाणी मोजा कारण हाताने घडवलेलं तोंड अगदी गोल नसतं. खरादीकडून सागवानाचा एक बूच करून घ्या, तोंडात सैल बसेल इतका, त्याला बाहेरून बनात किंवा जाड फेल्ट गुंडाळा म्हणजे तो अलगद घट्ट बसतो. बुचाच्या वर पितळी टोपी, तोंडाच्या कडेपेक्षा थोडी मोठी, तिच्याखाली पण फेल्ट, कारण कडेवरचं सोनं धातूला घासलं की निघून जातं. टोपीवर होल्डर. वायर टोपीच्या बाजूच्या छोट्या भोकातून बाहेर काढायची आणि फुलदाणीच्या पाठीमागून खाली सोडायची, समोरून दिसत पण नाही. वर शेड आली की डोलारा वरून जड होतो, म्हणून आत कोरडी वाळू सुती पिशवीत भरून सोडा, दीड-दोन किलो पुरते. नुसती वाळू ओतू नका, आणि प्लास्टर, सिमेंट, एम-सील यातलं काहीही आत ओतू नका, ते परत निघत नाही आणि फुगून भांडं फोडू शकतं. खाली लाकडाची बैठक करायची असेल तर करा, तीसुद्धा फक्त वर ठेवण्यापुरती, चिकटवायची नाही. आणि काही लोक आतून दांडा घालून वर-खाली नट आवळतात, त्या आवळण्याने मान तडकते, ते पण नको.

यातलं सगळं उद्या पाच मिनिटांत काढता आलं पाहिजे, ही एकच कसोटी लावा. नातवाला लॅम्प नको झाला तर त्याला फुलदाणी परत मिळाली पाहिजे.

बल्ब 7 किंवा 9 वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा घ्या, थंड पांढऱ्या उजेडात इमारीचा लाल मेल्यासारखा दिसतो. पितळी टोपी म्हणजे धातू आला, तेव्हा अर्थिंग हवंच, तीन पिनांचा प्लग, आणि वायर ओढली गेली तर ताण होल्डरच्या आतल्या जोडावर येणार नाही अशी पकड. तुमचा वायरमन हे काम उत्तम करेल, त्याला फक्त ड्रिल गाडीतच ठेवायला सांगा.

आणि ते झाकण! ते फेकू नका, भेट देऊ नका, साखरेच्या डब्यावर ठेवू नका. जगभरात या बरण्यांची झाकणं लॅम्प करताना बाजूला ठेवली गेली आणि हरवली, म्हणून झाकणासकट बरणी मिळणं अवघड झालंय. कागदात गुंडाळून, त्यावर कुठलं आहे ते लिहून कपाटात ठेवा. दुसरं पण शोधा, माळ्यावर असेल.

प्रश्न (पुणे): मुंबईला चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एक लॅम्प घेतला, दुकानदार म्हणाला तीनशे वर्षं जुनं जपानी पोर्सेलीन आहे. बुडाला भोक आहे, वायर त्यातून जाते. भोकाच्या बाजूला इंग्रजीत निप्पॉन असा शिक्का आहे. फसलो का मी?

उत्तर: तीनशे वर्षं नक्की नाही, पण फसलात असंही म्हणणार नाही. अमेरिकेने 1890 साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत पाहिजे, तो 1891 पासून लागू झाला, तेव्हापासून निर्यातीच्या मालावर निप्पॉन असा शिक्का पडू लागला. मग 1921 ला तिकडच्या कस्टमने ठरवलं की निप्पॉन हा जपानी शब्द आहे, जपान असं लिहा. म्हणजे तुमचा तुकडा बहुधा 1891 ते 1921 यामधला, शंभरीच्या आगेमागे, आणि ते काही कमी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा ताबा होता तेव्हा ऑक्युपाइड जपान असा शिक्का असायचा, तो 1952 पर्यंतचाच. मात्र नुसत्या शिक्क्यावर सगळा भरवसा नको, जुने शिक्के नव्या मालावर मारणारे पण आहेत. वजन, घासणी, रंगाची जाडी हे सगळं बरोबर बघायचं.

अजून एक गंमत सांगते, बऱ्याच जुन्या अरिता भांड्यांच्या बुडावर सहा चिनी अक्षरं असतात ज्यांचा अर्थ महान मिंग घराण्याच्या चेंगह्वा बादशहाच्या काळात बनवलेलं असा होतो. ते वाचून लोक चिनी समजतात, पंधराव्या शतकातलं समजतात. जपानी कुंभार ते मान म्हणून, शोभा म्हणून लिहायचे.

भोकाचं म्हणाल तर वायर काढून (प्लग आधी काढा!) कडेवरून बोट फिरवा. कड गुळगुळीत, किंचित गोलसर, ग्लेझ आत वळलेलं असेल तर ते भोक भाजण्याआधीच ठेवलेलं, म्हणजे ते लॅम्पसाठीच जन्माला आलेलं, तिथे काही बिघडलेलं नाही. कड धारदार, कोरडी पांढरी, बारीक टवके उडालेली असेल तर नंतर पाडलेलं. तसं असलं तरी वाईट वाटून घेऊ नका, ते घाव कुणीतरी आधीच घातलेत, आता तुम्ही त्याला उजेड देताय, बिनधास्त वापरा.

आणि लॅम्पचा रंग हस्तिदंती, ग्लेझवर जाळीसारख्या बारीक भेगा आणि सोन्याची दाट नक्षी असेल तर ते पोर्सेलीनच नाही, सात्सुमा आहे. ती भाजलेली माती, कमी आचेवरची, पाणी पिणारी. 1867 ला पॅरिसच्या आणि 1873 ला व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ती युरोपियन लोकांना एवढी आवडली की पुढे ढिगाने बनवून पाठवली गेली. टिचकी मारून बघा, पोर्सेलीन घंटेसारखं वाजतं, सात्सुमाचा आवाज बसका येतो. तसंच डोळे तयार करायचे असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, टाटांनी दिलेल्या संग्रहात चिनी-जपानी भांडी आहेत, एक दुपार फक्त तेवढ्यासाठी काढा.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथे मला कुतानीच्या फुलदाणीचा लॅम्प मिळाला, लाल आणि सोनेरी, अप्रतिम आहे. पुढच्या वर्षी आम्ही कायमचे नाशिकला परत येतोय. तिथे नुसता अडॅप्टर लावून चालेल का?

उत्तर: नुसत्या अडॅप्टरवर नको. तिकडे 120 व्होल्ट, इकडे 230, तिकडचा बल्ब इथे लावला की गेलाच. बल्ब बदलला तरी जुन्या अमेरिकन लॅम्पची वायर खूपदा कापडी वेष्टनाची किंवा कडक झालेल्या रबराची असते, वाकवली की तुकडे पडतात, आणि प्लग दोन पिनांचा म्हणजे अर्थिंग नाही. नाशिकला आल्यावर वायर, होल्डर, प्लग तिन्ही नवीन टाका, खर्च किरकोळ येतो. पितळी दांडा, टोपी, शेडच्या वरची ती छोटी घुंडी हे जुनं सगळं जपा, कधीकधी ती घुंडी पण जपानी कोरीव असते. प्रवासात शेड, पितळ आणि फुलदाणी वेगवेगळी बांधा. दांडा आत ठेवून पाठवलं तर हादऱ्याने तोच आतून फोडतो.

कुतानी म्हणजे आताच्या इशिकावा प्रांतातलं काम, सुरुवात 1655 च्या सुमाराची, मग मध्ये शंभरेक वर्षं बंद पडलं आणि एकोणिसाव्या शतकात परत उभं राहिलं. लाल-सोनेरी बहुतेक या दुसऱ्या डावातलं.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या लॅम्पच्या पोटाला तडा आहे, थोडा तुकडाही निघालाय. मुलगी म्हणते जपानी लोक सोन्याने जोडतात तसं करूया, नेटवर किट मिळतं. करावं का?

उत्तर: कल्पना सुंदर आहे तुमच्या मुलीची. त्याला किंत्सुगी म्हणतात, पण त्यात जोडतं ते सोनं नव्हे, उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक. तो दमट हवेत आठवडेच्या आठवडे वाळवत थर चढवायचे आणि शेवटी वर सोन्याची पूड. कच्च्या उरुशीने अंगावर भयंकर पुरळ येतं, हातमोजे न घालता हात लावू नका. स्वस्त किटमध्ये उरुशी नसते, इपॉक्सी आणि सोनेरी पावडर असते, ती आधी एखाद्या फुटक्या कपावर करून बघा, घरच्या वारशावर पहिला हात नको. तोवर तुकडा कागदात गुंडाळून ठेवा, तुटलेल्या कडा एकमेकींवर घासून बसतात का ते सारखं बघू नका, प्रत्येक वेळी कणभर झडतं. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच, तो पिवळा पडतो आणि पुढे दुरुस्त करणाऱ्याला तो काढण्यातच निम्मा वेळ जातो. आणि तडा असलेल्या फुलदाणीत वाळू भरू नका, वजन पोटावर येतं.

प्रश्न (नागपूर): आईची जपानी फुलदाणी, वय सव्वाशे वर्षं तरी असेल. बहीण मेलबर्नला असते, तिला लॅम्प करून सामानातून न्यायचाय. लॅम्प केल्यावर ती अँटिक राहत नाही ना?

उत्तर: राहते. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू आणि कलावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, वर होल्डर बसवला म्हणून तिचं वय कमी होत नाही. शंभरच्या आतली असेल असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो, तो आधी घ्या, विमानतळावर वाद घालत बसू नका. सव्वाशे वर्षांची खात्री असेल तर ती नागपुरातच राहू दे, बहीण आली की तिच्या खोलीत लावा.

प्रश्न (रत्नागिरी): लॅम्पवरचं सोनं काळवंडल्यासारखं वाटतं, चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलं तर उजळेल का?

उत्तर: घासू नका हो, अजिबात नको. ते सोनं सगळ्यात शेवटी, कमी आचेवर बसवलेलं असतं, ग्लेझच्या वर, त्याला खाली धरून ठेवणारं फार काही नसतं, दोन-चार वेळा घासलंत तर सोन्याच्या जागी फक्त पुसट तपकिरी रेघ उरेल. चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काही नको. प्लग काढा, मऊ कोरड्या ब्रशने, रंगकामाचा असतो तसला, धूळ झटका. मग कापूस कोमट पाण्यात बुडवून पूर्ण पिळून नक्षी सोडून बाकी भाग टिपा, पुसू नका, टिपा. समुद्राच्या हवेत पितळी टोपीवर हिरवट चढतं, टोपी काढून वेगळी साफ करा, फुलदाणीवर बसलेली असताना नाही, कारण तिची पावडर ओघळून नेमकी कडेवरच्या सोन्यावर येते.